25x47: बॅरलच्या आधी रीमर

14 जानेवारी

नव्या बॅरलची ऑर्डर गेली एकदाची. रेमिंग्टन 700 रायफलच्या ॲक्शनवर (बोल्ट बसतो त्या धडावर) बसवलेलं माझं 6.5x47 लापुआ या काडतुसाचं बॅरल आता थकलंय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. बॅरलचं उलटं, तिथे पीळच, म्हणजे नळीतल्या वळणाऱ्या खाचा, जळतो, तोही काडतूस बसतं त्या चेंबरच्या तोंडाशी आधी. तेच कॅलिबर पुन्हा घेतलं असतं तर दोन फोनमध्ये काम आटोपलं असतं. पण दोन वर्षं 25x47 डोक्यात घोळतंय. लापुआची तीच पुंगळी (काडतुसाचं पितळी आवरण), तोच 30 अंशांचा खांदा, फक्त मान बारीक करून 0.264ऐवजी 0.257 इंची बुलेट धरणारी. तयार काडतूस दुकानात मिळत नाही, घरीच भरायचं.

कोल्हापूरचा मित्र फोनवर म्हणाला, "दुकानात मिळत नाही ते काडतूस घेतोस कशाला लेका?" त्याच्या गावात रायफल म्हणजे तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे, आणि काडतूस म्हणजे पॉइंट टू-टू. प्रश्न चुकीचा नव्हता. मी त्याला सांगितलं की पाव इंची कॅलिबरचा इतिहासच असल्या उपद्व्यापांचा आहे. नीडनर नावाच्या गनस्मिथने .25-06 बनवलं 1920च्या सुमारास, रेमिंग्टनने ते बाजारात आणलं थेट 1969मध्ये. नेड रॉबर्ट्सने 7x57 माउझरच्या पुंगळीची मान आवळली, तेही 1934पर्यंत हौशी लोकांचंच होतं. त्याने ऐकून घेतलं. पटलं असं वाटलं नाही.

मला खरा मोह आहे तो अलीकडच्या लांब, जड .25 बुलेटांचा. जुन्या .25 बॅरलांचा पीळ सहसा 1:10, म्हणजे दहा इंचांत एक वेढा. हरणाच्या शिकारीच्या 100-120 ग्रेन (वजनाचं माप) बुलेटांना तो पुरायचा. माझी बुलेट 133 ग्रेनची आणि 1.36 इंच लांब. बुलेट हवेत किती स्थिर राहील ते सांगणाऱ्या मिलरच्या सूत्रात हे आकडे घातले तर 1:10ला स्थैर्याचा आकडा जेमतेम 1.01 येतो. तिथे बुलेट केव्हाही कोलमडेल, कागदावर आडवी भोकं दिसतील. 1:8ला 1.58. बरा वाटतो, पण तो 15 अंश सेल्सिअसच्या हवेतला. मी राहतो मिनेसोटात. उणे 23ला हवा दाट होते आणि तोच आकडा 1.37वर घसरतो. मला 1.5च्या खाली जायचं नाही. 1:7.5 घेतला की त्या थंडीतही 1.56 मिळतो. ठरलं.

असा पीळ मागायचा तर कट-रायफलिंग, म्हणजे खाचा कापून काढणं, सोयीचं. बटण-रायफलिंगला, म्हणजे कडक बटण नळीतून दाबत नेऊन खाचा उठवण्याला, त्या पिळाचं बटण आधी हाताशी लागतं. इथे मात्र एकच कटर, एका फेरीत इंचाचा दहा हजारावा भाग किंवा त्याहून कमी खरवडत, शेकडो वेळा नळीतून जातो, आणि पीळ मशीनवर लावता येतो. क्रिगर आणि बार्टलाइन हे बॅरल बनवणारे दोघेही असंच काम करतात आणि दोघेही शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये. 416आर स्टेनलेस, 26 इंच, जाड भिंतीचं. आता महिनोन् महिने थांबणं आलं.

जाता जाता: इथल्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे रिसीव्हर (ॲक्शनचं धड), त्यामुळे बॅरल साध्या पार्सलने घरी येतं. आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्यात सुटे भागही शस्त्रातच मोडतात. पुण्यातल्या कुणी हे वाचून हुरळून जाऊ नये.

2 फेब्रुवारी

गनस्मिथ म्हणाला, "माझ्याकडे 25x47चा रीमर (चेंबर कोरायचं हत्यार) पडलाय, तोच वापरू." पैसे वाचले म्हणून मी खूश.

9 फेब्रुवारी

खुशी आठवडाभर टिकली.

त्या रीमरचं ड्रॉइंग मागवलं. मानेचा व्यास 0.286 इंच. रविवारी सहज पाच पुंगळ्यांच्या माना बुशिंग डायने (मान आवळायच्या साच्याने) दोन टप्प्यांत आवळल्या, वर बुलेट बसवली, मायक्रोमीटर लावला. 0.287. पुन्हा लावला, दुसऱ्या पुंगळीवर लावला, तेच. मान आवळली की धातू कुठेतरी जाणारच, भिंत जराशी जाड होते. चेंबर काडतुसापेक्षा एक थाऊने (इंचाच्या हजाराव्या भागाने) लहान! तो रीमर माना तासून पातळ करणाऱ्या कुणासाठी बनवलेला. न तासता असं काडतूस जोर लावून आत घातलं असतं, तर मानेला फुलायला जागा नाही, बुलेट सुटायला वाट नाही आणि दाब कुठच्या कुठे.

बाबांचं उद्यमनगरात लेथ होतं. थाऊ हा शब्द मी शाळेच्या आधी शिकलो. "ड्रॉइंगवर विश्वास ठेव, पण माप स्वतः घे," असं ते गिऱ्हाइकालाही सुनवायचे. कारखान्यात बनणाऱ्या काडतुसाचं चेंबर असेल तर प्रमाणित आकडे पाठीशी असतात. इथे ड्रॉइंगखाली सही माझी.

मग नवा रीमर. मान 0.290, म्हणजे तीन थाऊ मोकळीक, तासकाम नाही. फ्रीबोअरचा (मानेपुढे पीळ सुरू होण्याआधीच्या मोकळ्या जागेचा) आकडा मी सांगितलाच नाही. बुलेटचा बुडखा मानेत कुठवर हवा ते ठरवून, त्या लांबीला बसवलेली दोन डमी काडतुसं, बिनदारू-बिनप्रायमरची, रीमर बनवणाऱ्याकडे पाठवली. हेडस्पेसचं (चेंबरमध्ये काडतूस किती खोल बसतं ते तपासायचं) गेज मात्र वेगळं लागणार नाही. खांदा मूळचाच, 6.5x47चंच चालेल.

27 मार्च

रीमर आला. बॅरल नाही.

दरम्यान 200 पुंगळ्यांच्या माना आवळून झाल्या. एक गोष्ट आता सतावतेय. त्यांच्या बुडावर शिक्का अजूनही 6.5x47 लापुआच. माझ्या जुन्या 6.5च्या भरलेल्या काडतुसाची मान 0.292 भरते, नव्या चेंबरची 0.290. सहजी शिरणार नाही, पण बोल्टला हिसका देणारा हात कधी भेटेल सांगता येत नाही, आणि तो माझाच असू शकतो. म्हणून जुनी सगळी काडतुसं सोडवायला, म्हणजे बुलेट आणि दारू काढून सुटी करायला, घेतलीत. गनस्मिथला बॅरलवर कोरायला शब्द दिलेत: "25x47, मान 290". नव्या पुंगळ्या आईने पाठवलेल्या लाडवांच्या डब्यात, झाकणावर लाल पट्टी.