पाटातले शेवाळ आणि केळीची बाग

वनस्पतींचे वर्गीकरण म्हटले की थॅलोफायटा, ब्रायोफायटा, टेरिडोफायटा, अनावृत्तबीजी आणि आवृत्तबीजी ही नावे ओळीने पाठ करण्याची आपल्याकडे रीत आहे. या मांडणीचा पाया जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आयखलर यांच्या 1883 सालच्या पद्धतीत आहे आणि शाळा-महाविद्यालयांत ती अजूनही शिकवली जाते. पाठांतराने नावे लक्षात राहतात, पण गट समजत नाहीत, ही माझी जुनी खंत आहे. पावसाळा सरला की नाले आटू लागणाऱ्या आपल्या खानदेशात तर हे सर्व गट एकाच प्रश्नाच्या आधारे समजून घेता येतात: या वनस्पतीच्या नर युग्मकाला (प्रजनन पेशीला) मादी युग्मकापर्यंत पोहोचण्यासाठी बाहेरचे पाणी लागते की नाही?

थॅलोफायटांत मोडणाऱ्या शैवालांचे बहुतेक सगळे आयुष्यच पाण्यात किंवा ओलीत जाते. त्यांच्या शरीरात मूळ, खोड, पान असे भेद नसतात. धुळे जिल्ह्यात पांझरेवर बंधारे घालून फड पद्धतीने शेतांपर्यंत पाणी नेणारे पाट आहेत. अशा पाटांत पाणी संथ झाले की हिरव्या धाग्यांचे पुंजके दिसू लागतात. त्यांत स्पायरोगायरा हमखास सापडतो. चिमटीत धरल्यावर तो बुळबुळीत लागतो आणि निसटतो, कारण प्रत्येक धाग्याभोवती चिकट द्रव्याचे आवरण असते. सूक्ष्मदर्शकाखाली एकामागोमाग एक जोडलेल्या नळकांड्यांसारख्या पेशी आणि प्रत्येक पेशीत नागमोडी वळसे घेत गेलेली हरितलवकाची फीत दिसते. पुनरुत्पादनाच्या वेळी दोन धागे शेजारी येतात, त्यांच्या पेशींमध्ये बारीक नळ्या तयार होतात आणि एका पेशीतील सर्व जीवद्रव्य दुसरीत जाते. त्यातून जाड भिंतीचा युग्मबीजाणू तयार होतो आणि पाट कोरडा पडला तरी तो तग धरून राहतो.

शैवाल हा एकाच कुळाचा गट नाही, हे मात्र ठळकपणे सांगायला हवे. साचलेल्या पाण्यावर निळसर साय धरणारी नीलहरित शैवाले मुळात जिवाणू आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रकच नसते. समुद्रातील तपकिरी शैवालांत हरितद्रव्यावर फ्युकोझँथिन या रंगद्रव्याची छाप पडते. त्यांतील काही केल्प 40 मीटरहूनही अधिक वाढतात आणि दिसायला झाडासारखे असतात, तरीही झाडांशी त्यांचे नाते फार दूरचे आहे. तांबड्या शैवालांत फायकोएरिथ्रिन हे लाल रंगद्रव्य असते आणि त्यांच्या जीवनचक्रात कशाभिका (पोहण्यासाठीचे शेपटीसारखे धागे) असलेली पेशी कधीच येत नाही. हिरव्या शैवालांत मात्र क्लोरोफिल अ आणि ब दोन्ही असतात आणि ती हरितलवकात स्टार्च साठवतात, म्हणजे अगदी आपल्या ज्वारी-कपाशीप्रमाणेच. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनुसार जमिनीवरील सर्व वनस्पतींची आज हयात असलेली सर्वांत जवळची नातलग म्हणजे स्पायरोगायराच्या गटातील शैवाले होत. पाटातला तो बुळबुळीत धागा केल्पपेक्षा केळीला कितीतरी जवळचा आहे. थॅलोफायटा हे नाव सोयीचे आहे, पण ते हे नाते झाकून टाकते, म्हणून ते जपून वापरावे असे मला वाटते.

ब्रायोफायटा जमिनीवर आले, तरी पाण्याला बांधलेलेच राहिले. पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर मखमलीसारखे उगवणारे मॉस आणि ओल्या मातीला चिकटून पसरणारा रिक्सिया यांना जलवाहिन्या नसतात. मुळांच्या जागी केवळ मूलाभ, म्हणजे मुळांसारखे बारीक धागे असतात. त्यांची नर युग्मके दोन कशाभिकांच्या साहाय्याने पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात. भारतात या गटाच्या अभ्यासाचा पाया शिवराम कश्यप यांनी घातला.

टेरिडोफायटांना जलवाहिन्या आणि खरी मुळे मिळाली, त्यामुळे त्यांना उंची गाठता आली. तोरणमाळच्या आणि सातपुड्याच्या ओल्या घळींत नेच्याचे (फर्नचे) पान उलटून पाहिले की मागच्या बाजूला तपकिरी ठिपके दिसतात. ते बीजाणुधानींचे, म्हणजे बीजाणूंच्या बारीक पिशव्यांचे पुंज होत. बीजाणू ओल्या मातीत रुजला की त्यातून नखाएवढा, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा तयार होतो आणि त्याच्यावरील नर युग्मकालाही पोहतच जावे लागते. नेचे आपल्या कोरड्या बांधांवर न दिसता ओढ्याकाठी आणि घळीत दिसतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. दुभत्या जनावरांसाठी खड्ड्यात वाढवला जाणारा अझोला हाही नेचाच आहे. त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारी नीलहरित शैवाले हवेतील नायट्रोजन स्थिर करतात.

अनावृत्तबीजी वनस्पती आपल्याकडे प्रामुख्याने बंगल्यांच्या आवारात भेटतात: मोरपंखी, सायकस. त्यांत बी आहे, पण तिला फळाचे आवरण नाही. सायकसमध्ये परागकण बीजांडापर्यंत (ज्याचे पुढे बी होते त्या भागापर्यंत) पोहोचल्यावर त्यातून कशाभिकांनी पोहणारे नर युग्मक बाहेर पडते, हे जपानी शास्त्रज्ञ इकेनो यांनी 1896 मध्ये दाखवले. इथे पाणी बाहेरून येत नाही. पोहण्यापुरता द्रव वनस्पती स्वतःच पुरवते.

आवृत्तबीजींत हे पोहणेही संपले. परागनलिका नर युग्मकांना थेट बीजांडात नेऊन सोडते आणि अंडाशयाचे फळ होते. कपाशी द्विबीजपत्री आहे: उगवताना दोन दले, जमिनीत सोटमूळ, पानात शिरांचे जाळे. तिच्या बोंडातला प्रत्येक धागा ही बीजावरणाची लांबट वाढलेली एकच पेशी असते. ज्वारी आणि केळी एकबीजपत्री आहेत. रावेर-यावलच्या बागांतील केळीचे खोड म्हणजे एकमेकांत घट्ट गुंडाळलेल्या पानांचे तळ आहेत. खरे खोड जमिनीत कंदाच्या रूपात असते. केळीचे फळ परागणावाचूनच धरते आणि म्हणून तिची लागवड कंद किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांनी करतात. केळे आडवे कापल्यावर मध्यभागी दिसणारे बारीक काळे ठिपके ही तिची वाढ न झालेली बीजांडे आहेत.