रिकाम्या प्लेटचा नियम

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे, आणि तो भिंतीवर कुठेही लिहिलेला नाही. कोणत्याही वनस्पतीचा नवा अर्क आला की तो आधी पेशी नसलेल्या प्लेटमध्ये घालायचा; पेशींवर त्याचा काय परिणाम होतो, ते नंतर पाहायचे. येथे जर्मनीतील फ्रायबुर्गला मी हिरड्याच्या अर्कावर काम सुरू करणार होते, तेव्हा आमच्या गटप्रमुखांनी हा नियम मला ज्या थंडपणे ऐकवला त्याचा मला राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे जन्मलेल्या लेकराला गुटीत उगाळून दिला जाणारा हिरडा, आणि त्याने आपली पत सिद्ध करायची ती रिकाम्या प्लेटसमोर? (हा हिरडा आईच्या डब्यातून आलेला नव्हता, हे आधीच सांगते. आपली वनस्पती परदेशी संस्थेने संशोधनासाठी वापरायची तर 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि ती कागदपत्रे मी येण्याआधीच झाली होती. हळदीचे पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिले गेले आणि आपण भांडून 1997 मध्ये ते रद्द करवले, हे आठवणारा कोणीही त्या कागदपत्रांबद्दल कुरकुर करणार नाही.)

पेशी जगल्या की मेल्या हे मोजण्याची सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे 1983 मध्ये टिम मोसमन यांनी मांडलेली एमटीटी चाचणी. 96 खोलगट घरांच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, त्यांना औषध द्यायचे आणि शेवटी एमटीटीचे पिवळे द्रावण घालून प्लेट तीन-चार तास 37 अंशांवर ठेवायची. जिवंत पेशींतील विकरे (एन्झाइम) त्या पिवळ्या रसायनाचे क्षपण करून, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन, जांभळे स्फटिक बनवतात. मेलेल्या पेशींना ते जमत नाही. जांभळा रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत, असा सरळ हिशेब. त्यात गृहीत एवढेच धरलेले असते की त्या घरात क्षपण करणारे पेशींखेरीज दुसरे कोणी नाही. हिरड्यात मात्र गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल, चेब्युलॅजिक आम्ल अशी याच कामात तरबेज असलेली मंडळी ठासून भरलेली असतात, आणि ज्या गुणाला आपण अँटिऑक्सिडंट म्हणून डोक्यावर घेतो तो गुण हाच.

प्लेट बाहेर काढली तेव्हा पहिल्या घरात, जिथे अर्क सर्वांत तीव्र होता, तिथे पिकल्या जांभळासारखा रंग आला होता. पुढे प्रत्येक घरात अर्क निम्मा केलेला असल्यामुळे रंगही पायरीपायरीने फिका होत गेला होता आणि शेवटच्या घरांत नुसते पिवळे पाणी होते. पेशी एकही नव्हती. यंत्राने 570 नॅनोमीटरवर रंग मोजला, संगणकाने अतिशय सुबक आलेख काढला आणि त्या आलेखानुसार हिरड्याची मात्रा वाढवली की ‘जिवंतपणा’ वाढत होता. हाच आलेख पेशींसह हाती आला असता, तर ‘हिरडा पेशींचे रक्षण करतो’ अशा मथळ्याचा शोधनिबंध त्यातून सहज उभा राहिला असता. असे निबंध छापून येत नाहीत, असे मला म्हणवत नाही.

फसगत उलट्या दिशेनेही होते. पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्यात गॅलिक आम्लासारखी द्रव्ये आपोआप ऑक्सिडाइज होतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. बॅरी हॅलिवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास हे स्पष्टपणे दाखवून दिले. मग पेशी मरतात त्या पेरॉक्साइडमुळे, आणि श्रेय मिळते वनस्पतीला. प्लेटमध्ये कॅटलेज हे विकर घातले की पेरॉक्साइडचे विघटन होते, आणि पुष्कळदा ‘कर्करोगविरोधी गुणधर्म’ही त्याबरोबरच नाहीसा होतो. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी ‘हिरड्याने अठ्ठेचाळीस तासांत कर्करोग नष्ट’ असा संदेश टाकला आणि पाठोपाठ फोन करून विचारले, “काय गं, हिरड्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात म्हणं, खरं हाय का ते?” तेव्हा प्लेटमध्ये मरतात, एवढे खरे उत्तर मी दिले, त्यापुढचे कॅटलेज फोनवर सांगता येण्याजोगे नव्हते.

खरे तर हिरड्याचा हा स्वभाव कोल्हापूरकराला कोणी शिकवायला नको. आपली चप्पल ज्या कातड्याची बनते ते बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले असते. त्यांतील टॅनिन या तुरट द्रव्याचे रेणू कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाला जागोजागी बांधून टाकतात, त्यामुळे कातडे कुजत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. टॅनिनला कोलॅजेनचे विशेष प्रेम नाही. समोर येईल त्या प्रथिनाला ते धरते. प्रयोगशाळेतील विकरेही प्रथिनेच असल्यामुळे हिरड्याचा कच्चा अर्क जवळजवळ कोणत्याही विकराचे काम थांबवून दाखवतो, मग ते मधुमेहाशी संबंधित असो की विषाणूचे. एकच अर्क सतरा रोगांवर ‘प्रभावी’ ठरतो तो बहुधा असा. कोल्हापूरच्या जवाहरनगर-सुभाषनगरातील चप्पल कारागिराला ही पकड पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, आणि आम्ही मात्र पॉलिव्हिनिलपॉलिपायरोलिडोन नावाची भुकटी घालून आधी टॅनिन काढून घेतो आणि मग उरलेल्या द्रवात काही दम आहे का, ते पाहतो.

झाडपाल्यातून खरे औषध मिळतच नाही, असे मात्र नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1960 ते 1982 या काळात सुमारे 35,000 वनस्पती-नमुन्यांचे 1,14,000 अर्क तपासले, त्यांतून टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिन ही कर्करोगविरोधी द्रव्ये हाती लागली. दोन्ही द्रव्ये शुद्ध करणाऱ्या जोडीतील मनसुख वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतील नरक्या नावाच्या झाडातही आहे. ही माहिती मी जेवणाच्या सुट्टीत सर्वांना जरा मोठ्याने सांगितली, आणि त्याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही.

येथील लोकांना झाडपाल्याचे वावडे आहे, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. योहानिसक्राउट नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती नैराश्यावर म्हणून औषधाच्या दुकानात राजरोस मिळते. ती यकृतातील औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांचे प्रमाण वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयवरोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाचा असर कमी होतो, हेही सर्वज्ञात आहे. मी हे उदाहरण काढून आमच्या हिरड्यालाच एवढी झडती का, असे विचारले. गटप्रमुखांनी शांतपणे जुनी वही उघडून योहानिसक्राउटच्या अर्काची रिकामी प्लेट दाखवली. त्यानंतर वाद घालण्यासारखे काही उरले नाही. तरीही एक गोष्ट नोंदवते: हा नियम पाळणे त्यांना सोपे आहे. एमटीटी महाग आहे, आणि मी जिथे शिकले तिथे रिकाम्या घरांत ते ओतायचे म्हणजे कोणाच्या तरी प्रबंधातील एक प्रयोग कमी करायचा. आमच्या सरांना हे सगळे कळत होते, पण त्यांच्याकडे ओतायला रसायन नव्हते. मी कोल्हापूर का सोडले, असे विचारणाऱ्यांना मी बहुतेक वेळा हेच कारण देते. पगाराचे कारण मागाहून सांगते.

शरीरात गेल्यावर हिरड्याचे काय होते, हा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. मोठे टॅनिन रेणू आतड्यातून जसेच्या तसे रक्तात फारसे जात नाहीत. मोठ्या आतड्यातील जिवाणू त्यांतील एलॅजिक आम्लापासून युरोलिथिन नावाचे लहान रेणू बनवतात. तेही सर्व माणसांत सारखे बनत नाहीत, कारण प्रत्येकाच्या पोटातील जिवाणू वेगळे. त्यामुळे प्लेटमध्ये अख्खा अर्क ओतून मिळालेला निकाल पोटात घेतलेल्या हिरड्याला लागू पडत नाही, आणि आता मी युरोलिथिन घेऊन पेशींकडे वळणार आहे. अर्थात त्याचीही रिकामी प्लेट आधी लावून.

काकांनी पुढच्या फोनवर विचारले, की मग हिरड्याच्या गुळण्या बंद करू काय. मी त्यांना चालू ठेवायला सांगितले, कारण दातांच्या हिरड्यांना आणि घशाला जो तुरटपणा जाणवतो तो त्याच पकडीचा परिणाम आहे, आणि तोंडात काम करण्यासाठी टॅनिनला रक्तापर्यंत पोहोचावे लागत नाही. त्यांच्या ज्या मित्रांवर केमोथेरपी सुरू आहे त्यांनी मात्र कोणताही अर्क वा कॅप्सूल घेण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, असे दोनदा बजावले. काकांनी तो निरोप त्याच दिवशी पोहोचवला. ग्रुपवरचा संदेश अजून काढलेला नाही.