तुम्ही विचारलंत म्हणून: ताईसाठी का थांबलो नाही

"न्यूयॉर्कहून चौदा-पंधरा तासांचं तर विमान! एक दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" कुठल्याही लग्नात पानावर बसलो की कोणीतरी हे विचारतंच. आईच्या अंत्यसंस्काराला ताईसाठी का थांबलो नाही, ते एकदाच सांगून टाकतो.

चौदा-पंधरा तास थेट विमानाचे. अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. इकडे येताना वरचे वारे पाठीशी असतात. जाताना तेच समोरून, म्हणून तासभर तरी जास्त. पण माणूस काही विमानतळावर राहत नाही. न्यू जर्सीतलं घर, तीन तास आधी पोहोचणं, सहारला बॅगांची वाट बघणं, मग पवईवरून मुलुंड. शिवाय थेट विमानात जागा लागते. ती नव्हती.

आई गेली २०२३च्या जानेवारीत, पहाटे २.४०ला. तिकडे आदल्या दिवशीचे दुपारचे ४.१० झाले होते. ताई फोनवर एवढंच म्हणाली, "मी निघते." 'थांबा' म्हणाली नाही, हे मी पुढे वर्षभर सगळ्यांना ऐकवलं. आता वाटतं, ते काय वेगळं म्हणायला लागतं?

तिला दुबईमार्गे तिकीट मिळालं, रात्री ११चं. म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. पाठकोऱ्या कागदावर मी हिशोब मांडला. दुबईपर्यंत साडेबारा तास, तिथे चार तास मुक्काम, पुढे तीन. दुसऱ्या दिवशी पहाटे ५ला मुंबई, सातपर्यंत घरी. सोसायटीतल्या एकाने शवपेटीवाल्याचा नंबरही आणून दिला होता. काकांनी विचारलं, "मग, काय करायचं?"

मी म्हणालो, "आईला असं पेटीत ठेवलेलं आवडलं नसतं."

ती तसं म्हणाली होती, खोटं नाही. शेजारच्या आजोबांच्या वेळी. पण ताई तीन वर्षं आली नव्हती. करोनाची दोन सोडून द्या, तरी एक उरतंच. रात्रीची जागरणं माझी, डायपर माझे. त्या क्षणी मला आईचं बोलणं आधी आठवलं की हे, ते आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. कोणी विचारलं की मात्र पेटीचंच सांगतो.

११ वाजता आम्ही नेलं. ताई तेव्हा अटलांटिकवर, फोन बंद. "सगळं नीट झालं" असं लिहून ठेवलं. नीट! रात्री दहाच्या सुमारास ब्लू टिक्स आल्या. उत्तर नाही. ते वाचल्यावर चार तास ती तिथे बसली असणार, आणि मग तीन तास विमानात. त्याबद्दल ती कधी बोललेली नाही.

दारात आल्यावर तिने एवढंच विचारलं, "दिवा कुठे ठेवलायस?"

अस्थी आणायला दोघंच गेलो. रिक्षात म्हणाली, "किती वाजता नेलंत?"

"अकरा."

ती पेरांवर काहीतरी मोजत राहिली.