"नाटक करतेय हो ती"

मी मानसोपचार विभागात रेसिडेंट आहे. त्या दिवशी मेडिसिन वॉर्डमधून कॉल आला की विशीतली मुलगी आहे, चार दिवस झाले बोलत नाही, खात नाही, सीटी स्कॅन आणि रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्ही बघून घ्या.

गेलो तर ती बेडवर आडवी, डोळे उघडे, आणि डोकं उशीपासून चार बोटं वर, अधांतरी. सिस्टर म्हणाल्या, सकाळपासून अशीच आहे. हाक मारली, चिमटा काढला, काही नाही. हात उचलून सोडला तर तो खाली पडलाच नाही, मेणाचा असल्यासारखा मी ठेवला तिथेच राहिला.

भाऊ वैतागलेला होता. म्हणाला, "डॉक्टर, नाटक करतेय हो ती. परीक्षा आलीय ना जवळ. काल चमचा तोंडाजवळ नेला तर ओठ घट्ट मिटून घेतले, म्हणजे कळतंय की सगळं!"

आता त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, कळत तिला सगळं होतं, पण कळतंय म्हणजे करता येतंय असं नसतं आणि नेमकं इथेच सगळ्यांची गल्लत होते. मी त्याला वाद न घालता शेजारच्या रिकाम्या बेडवर झोपायला सांगितलं आणि म्हणलं, तिच्यासारखी मान धरा फक्त. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे धरली. थोड्याच वेळात मान थरथरायला लागली, डोकं उशीवर टेकलं. उठून बहिणीकडे बघत राहिला, नंतर नाटक हा शब्द त्याच्या तोंडून परत आला नाही.

याला कॅटॅटोनिया म्हणतात. कालबाउम नावाच्या जर्मन डॉक्टरने १८७४ साली याचं सविस्तर वर्णन करून ठेवलंय, तरी अजूनही असे पेशंट आधी हट्टी ठरतात, मग ढोंगी, मग कुणीतरी काहीतरी केलंय म्हणून अजून कुठेकुठे फिरवले जातात, आणि तोवर पाणी पोटात नाही म्हणून किडनीवर ताण, हालचाल नाही म्हणून पायात रक्ताच्या गुठळ्या, त्यातली एखादी फुफ्फुसात गेली की जीवावरच बेततं. बरं, हा फक्त स्किझोफ्रेनियात होतो असंही नाही, डिप्रेशन आणि बायपोलरमध्ये भरपूर दिसतो, मेंदूला सूज आली तरी होतो, म्हणून तर आधी सगळ्या तपासण्या करतात.

लोराझेपाम २ मिलिग्रॅम शिरेतून, हळूहळू. आई घाबरली, आधीच दगड झालीय आणि तुम्ही झोपेचं औषध देताय? शंका रास्तच आहे, ते एरवी शांत करायला, झोपेलाच वापरतात. पण कॅटॅटोनियात तेच औषध माणसाला मोकळं करतं, सगळ्यांना नाही पण बऱ्याच जणांना. सिस्टर पल्स, श्वास बघत उभ्या होत्या.

पाच-सात मिनिटांनी डोकं उशीला टेकलं. मग पापण्या लवल्या. आणि मग घोगऱ्या आवाजात "आई, पाणी". आई तर रडायलाच लागली आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं, पुस्तकात हजारदा वाचलेलं असलं तरी समोर बघणं वेगळंच असतं.

संध्याकाळी ती तुटक तुटक बोलली. हललं तर घरच्यांचं काहीतरी भयंकर होईल अशी भीती डोक्यात बसली होती, आणि नंतर हलायचं ठरवूनही शरीर ऐकेना. आजूबाजूचं सगळं ऐकू येत होतं. भावाचं बोलणंही. तो तिथेच होता, खाली मान घालून.

मग मागचं कळलं. दोन महिन्यांपासून झोप नाही, वजन उतरलेलं, सतत "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" हेच, आणि घरात त्याला आळस म्हणत होते. म्हणजे डिप्रेशन तेव्हापासूनच होतं.

इंजेक्शनचा असर काही तासांत उतरतो, त्यामुळे लोराझेपाम पुढे ठराविक वेळाने चालू ठेवलं. डिप्रेशनच्या गोळ्यांना असर दाखवायला काही आठवडे लागतात हेही सांगितलं. ईसीटीचा, म्हणजे मेंदूला विजेचा झटका देण्याच्या उपचाराचा, विषय काढल्यावर आईचा चेहरा पडला. शॉक म्हणलं की लोकांना शिक्षाच आठवते, पण आता ती भूल देऊन, स्नायू सैल करायचं औषध देऊन करतात, आणि गोळ्या पुरल्या नाहीत तर कॅटॅटोनियात ईसीटीइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही. आई विचार करून सांगते म्हणाली.

भावाने निघताना विचारलं, घरी गेल्यावर परत असं होतंय हे ओळखायचं कसं? म्हणलं, बोलणं कमी होत गेलं, ताटासमोर नुसती बसून राहिली, चालता चालता मध्येच थबकली तर त्याच दिवशी घेऊन या. आणि बरी दिसली म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. त्याने मोबाईलमध्ये एकेक गोष्ट लिहून घेतली आणि मला परत वाचून दाखवली.