तोच आकार, वरचा वर्ग: टायर बदलाची आजवरची प्रगती

जुन्या टायरच्या खाचा अडीच मिलिमीटरच्या आसपास आल्या होत्या. झिजेची खूण दाखवणारा खाचेतला उंचवटा १.६ मिमीवर असतो, म्हणजे कागदोपत्री अजून थोडे दिवस निघाले असते. पण पाणी साचलेल्या पट्ट्यावर स्टिअरिंग मध्येच हलकं पडायचं, आणि ते पूर्वीपेक्षा कमी वेगातच पडायला लागलं होतं. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं होतं.

टायर शोधायच्या आधी जुने नीट पाहिले. पुढच्या टायरवरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत जातो, उलट फिरवला की प्रत्येक रबरी ठोकळ्याची कड करवतीसारखी लागते. ही टो (वरून पाहता चाकांचं आत-बाहेर वळलेलं असणं) बिघडल्याची खूण. कॅम्बरचा (समोरून पाहता चाकाच्या कलण्याचा) दोष असता तर एकच बाजू सपाट घासली असती. असा टायर डोळ्यांना बरा दिसतो, हातालाच कळतो. तेव्हा सस्पेन्शनचे बुश आणि टाय रॉडचे (स्टिअरिंग चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांचे) जॉइंट आधी तपासून घेतले. तिथे ढिलेपणा राहिला तर अलाइनमेंटचे (चाकांच्या कोनांच्या जुळणीचे) आकडे मशीनवरून खाली उतरेपर्यंतच खरे राहतात.

मग मापाचा वाद. गाडीला मुळात २०५/५५ आर १६, ९१ व्ही: रुंदी २०५ मिमी, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) तिच्या ५५ टक्के, रिम १६ इंची, ९१ हा भाराचा निर्देशांक आणि व्ही ही वेगाची श्रेणी. सगळे सुचवतात ते '१७ ला जा, २२५/४५ घाल'. हिशेबाला चूक काहीच नाही. पहिल्याचा व्यास ६३१.९ मिमी, दुसऱ्याचा ६३४.३, स्पीडोमीटरला फरक कळणारही नाही. साइडवॉल ११३ वरून १०१ मिमीवर येते, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्याबरोबर गाडी वळते. मोह मलाही झाला. शिवाय मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ५, ब्रिजस्टोनचा पोटेंझा स्पोर्ट यांसारखे नावाजलेले टायर मुख्यतः १७ आणि त्याच्या वरच्या रिमसाठीच येतात. १६ मध्ये निवड आटोपशीर.

तरी १६ वरच थांबलो. एक कारण वजनाचं. मोठी रिम आणि रुंद टायर मिळून प्रत्येक चाक जड होतं, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं असतं, शिवाय फिरणारंही. हलकी फोर्ज्ड (दाबून घडवलेली) रिम घेतली तर हा मुद्दा बराचसा गळून पडतो, पण मग खर्च टायरचा न राहता रिमचा होतो. दुसरं कारण रिमच्या रुंदीचं. २२५/४५ ला किमान ७ इंच रुंद रिम लागते, ७.५ ची असेल तर टायर नीट बसतो. ६.५ वर दाबून बसवणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. साइडवॉल फुगते आणि ज्या तडफेसाठी सगळा खटाटोप केला तीच जाते. माझ्या रिम ६.५ च्याच आहेत, आणि २०५/५५ साठी तेच आदर्श माप आहे.

म्हणजे आकार तोच, वर्ग वरचा. इथे लेबल वाचण्यात बराच वेळ गेला, आणि तो घालवावा असंच सांगेन.

अमेरिकी यूटीक्यूजी या टायर-दर्जा पद्धतीतला ट्रेडवेअरचा (झिजेचा) आकडा सगळ्यात जास्त उद्धृत होतो आणि सगळ्यात जास्त फसवतो. चाचणी टेक्सासमधल्या सुमारे ६४० किमीच्या ठरलेल्या फेरीवर, एकूण साधारण ११,६०० किमी चालते. त्यापुढची झीज अंदाजाने काढतात आणि अंतिम आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला तो बरा, दोन कंपन्यांत मात्र नाही. ट्रॅक्शनची (पकडीची) एए, ए ही श्रेणी तर ओल्या पृष्ठभागावर ६४ किमी वेगात चाक लॉक करून सरळ घसरताना मोजतात. आपल्या गाडीत एबीएस आहे. चाक लॉक होऊच नये म्हणून ते बसवलंय, आणि वळणातल्या पकडीबद्दल ही श्रेणी अवाक्षर काढत नाही.

त्यापेक्षा युरोपीय लेबलवरची ओली ग्रिप जास्त कामाची. ताशी ८० वरून २० पर्यंत ब्रेक मारून, एका प्रमाण टायरशी तुलना करून ती ठरते. २०२१ पासून श्रेणी ए ते ई. अडचण एकच, मोजणी नव्या कोऱ्या टायरची असते. २०२४ च्या जुलैपासून युरोपात नव्याने मंजुरीला येणाऱ्या टायर-प्रकारांना घासलेल्या अवस्थेतही ओली पकड सिद्ध करावी लागते. आपल्यासारख्यांना खरी गरज याच आकड्याची, कारण टायर नवा थोडेच दिवस असतो.

यादी शेवटी दोनवर आली: योकोहामा अ‍ॅडव्हान फ्लेव्हा व्ही७०१ आणि कॉन्टिनेंटल प्रीमियमकॉन्टॅक्ट ७. फ्लेव्हाचा ट्रेड (जमिनीला टेकणारी नक्षी) एकाच दिशेचा, बाणाच्या दिशेनेच फिरवायचा. दिसायला देखणा, पण तो डावीकडून उजवीकडे न्यायचा तर रिमवरून उतरवावा लागतो. टो बिघडवणाऱ्या गाडीला चाकं चौफेर फिरवायची सोय हवी, म्हणून असममित ट्रेडचा (आतल्या-बाहेरच्या बाजूची नक्षी वेगळी) कॉन्टिनेंटल घेतला. हा ट्रॅकचा टायर नाही, हे माहीत असूनच घेतलाय. कोरड्या रस्त्यावर याहून चिकट रबर मिळेल, पण माझी हौस पावसात अंगलट येऊ नये ही पहिली अट.

भाराचा निर्देशांक ९१ की ९४ एक्सएल (एक्स्ट्रा लोड)? अनेकांना वाटतं एक्सएल म्हणजे आपोआप मजबूत. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. पण हे ६७० मिळतात २.९ बारला, आणि साध्याचे ६१५ मिळतात २.५ ला. हवा तितकीच ठेवली तर एक्सएल जास्त भार उचलत नाही, बसतो मात्र कडक. मी ९१ च घेतला. वेगाची श्रेणी मुळापेक्षा खाली जाऊ द्यायची नाही, एवढं पाळलं.

बसवताना दोन गोष्टी उभं राहून पाहिल्या. साइडवॉलवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात. चारही टायर एकाच सुमाराचे निघाले. आणि 'आउटसाइड' लिहिलेली बाजू चारही चाकांवर बाहेर आली. अलाइनमेंट लगेच उरकून घेतली.

पहिली छाप? जुन्यापेक्षा मऊ, थोडी डुलणारी. नव्यांची तक्रार करणाऱ्या मित्रांनो, घाई नको. घासलेल्या टायरचे ठोकळे बुटके म्हणून ताठ असतात. नव्याचे उंच, ते वळणात वाकतात. त्यात साच्यातून सुटायला लावलेला थर पृष्ठभागावर असतो. काहीशे किलोमीटर सौम्य चालवल्यावर ही डूल बरीच कमी झाली. ओल्यात ब्रेकचा फरक मात्र पहिल्या दिवसापासून जाणवतो. एबीएस आधी जिथे थरथरायचं, तिथे आता पायाखाली काहीच होत नाही.

सध्या हवेचे प्रयोग चालू आहेत. ट्रेडच्या कडेपासून साइडवॉलवर उतरणारी खडूची रेघ ओढायची, ओळखीच्या वळणांवरून फिरून यायचं आणि रेघ कुठवर पुसली ते पाहायचं. दाराच्या स्टिकरवरच्या दाबाला पुढच्या डाव्या टायरची रेघ खांद्याच्या (ट्रेडच्या कडेच्या) खालपर्यंत पुसली. २ पीएसआय वाढवल्यावर कडेलाच थांबली. मागे स्टिकरचाच दाब ठीक दिसतोय. मोजायची ती थंड टायरचीच हवा, नाही तर साधारण ५-६ अंश तापमानामागे १ पीएसआय चढतो आणि तुलना बिघडते.

सुईचा पायरोमीटर (रबरात टोचून तापमान मोजणारं यंत्र) मागवलाय. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड यांची तापमानं मिळाली की पुढची नोंद टाकेन. कुणी याच आकारावर आधी मोजली असतील तर आकडे द्या, सोबत थंड हवेचा दाब आणि कॅम्बर जरूर लिहा.