शिंगाळ्याच्या पोटात काय निघालं

येलदरी धरणात रात्री गळाची दोरी सोडायची आणि तांबडं फुटायला उचलायची, हे आम्हा भोयांचं नेहमीचं काम. त्या दिवशी जिंतूरकडच्या एका ढाब्यावाल्याची मागणी होती: शिंगाळाच पाहिजे, चिलापी (तिलापिया) नको. शिंगाळा म्हणजे मिशीवाला मासा, त्यात बारीक काटे नसतात, गिऱ्हाईक तोच मागतं.

वरच्या अंगाला पाऊस झालेला, धरणात येणारं पूर्णा नदीचं पाणी चहासारखं गढूळ. मिशीवाल्या माशांचं त्यानं काही अडत नाही. त्यांना मिशांना, ओठांना, नुसत्या कातडीलासुद्धा चव कळते. अंधारात वासावर येतात. मरळीचं उलटं. तिला खाणं हललेलं दिसावं लागतं, म्हणून तिच्यासाठी जिवंत बेडकी, तीही निवळ पाण्यात. हा सगळा हिशोब करूनच पुतण्यानं चिकनच्या दुकानातून कोंबडीची आतडी आणली होती. फुकटात मिळतात आणि वास म्हणाल तर नाक धरावं असा. निम्म्या गळांना आतडी लावली, निम्म्यांना गांडूळ.

पहाटे दोरी ओढली तर गांडुळाचे गळ कोरे. बारकी मासळी टोचून टोचून सगळं घेऊन गेलेली. आतड्यांना खेकडे लोंबकळत होते. पुढं दोरी जड लागली, पुतण्या खूश झाला, आणि वर आलं कासव! मऊ पाठीचं, मान लांबवून चावायला बघणारं. कासव धरणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, पण नुसती दोरी कापून द्यावी तर गळ तोंडातच राहतो. पुतण्यानं ओल्या पोत्यानं त्याला दाबून धरलं. गळ ओठाच्या कडेला होता. टोक आरपार काढलं, पकडीनं त्याचा आकडा तोडला, मग गळ मागच्या मागं सुटला. त्यात बराच वेळ गेला.

दोरीच्या शेवटाला एक शिंगाळा होता, बेताचाच. काकूनं तो विळीवर घेतला. आधी परांचे काटे मोडले, ते हातात घुसले की दिवसभर ठणकतं. मग पोट चिरलं. आत झिंगेच झिंगे, काही तर अजून अख्खे.

"आरं, ह्यो झिंगं खायलाय अन् तुमी त्याला कोंबडी चारायलात?"

पाणी चढलं होतं, काठचं गवत बुडालेलं. जुनी नायलॉनची साडी घेऊन मी आणि पुतण्या गुडघाभर पाण्यात उतरलो. साडी गवताखालून ओढत न्यायची आणि झटक्यात उचलायची. झिंगा गळाला लावायचा तो शेपटीतून. डोक्यात गळ गेला की मरतो. जिवंत राहिला की पाय हलवत राहतो, वासाबरोबर हालचालही मिळते. आतड्याला हे कुठून जमणार? पाण्यात राहून त्याचा वासही धुपून जातो, नुसती पांढरी चिंधी उरते. माझ्या मते आतडी मंगूरलाच ठीक, तोही मिशीवालाच मासा. त्याला काहीही चालतं.

दुसऱ्या पहाटे ढाब्याची मागणी भागली. गळ अजून जास्त भरले असते, पण निम्मे झिंगे काकूनं आदल्या संध्याकाळीच चटणीला काढून ठेवले होते.