ऑस्करची यादी आणि ५०० रेकॉर्डी

जानेवारी उजाडला की माझ्या फीडवर दरवर्षी तेच चालू होतं, कुणाला नॉमिनेशन मिळालं, कुणाचं हुकलं, आणि यंदा यादीत गोरे सोडून किती जण आहेत त्याची मोजामोजी. मीपण बघतो, खोटं कशाला बोलू, सोमवारी पहाटे अलार्म लावून सोहळा बघतो आणि मग दिवसभर ऑफिसात जांभया देत बसतो. पण ही मोजामोजी मला हल्ली फार पटत नाही.

२०१६ घ्या. अभिनयाच्या चार कॅटेगरी, प्रत्येकीत पाच, म्हणजे वीस नावं आणि वीसच्या वीस गोरी, तेपण सलग दुसऱ्या वर्षी. आदल्या वर्षी एप्रिल रेन यांनी 'ऑस्कर्ससोव्हाइट' (म्हणजे 'ऑस्कर किती गोरे') हा हॅशटॅग टाकला होता, तो या वेळी तुफान चालला. मला मात्र वीस नावांपेक्षा दोन पिक्चर जास्त खुपले. 'क्रीड'चा दिग्दर्शक रायन कूगलर ब्लॅक, हिरो मायकल बी. जॉर्डन ब्लॅक, आणि अख्ख्या पिक्चरला एकच नॉमिनेशन, ते सिल्व्हेस्टर स्टॅलनला! दुसरा 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन', एनडब्ल्यूए या रॅप ग्रुपची गोष्ट, त्यालाही एकच, पटकथेचं, आणि लिहिणारे सगळे गोरे. म्हणजे पिक्चर दिसले होते हो लोकांना, पण त्यात नेमकं कोण दिसलं ते बघा.

आता यात कुणी बसून कट केला असं नाही. अभिनयाची नॉमिनेशनं अॅकॅडमीतले, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेतले, नटच ठरवतात, आणि २०१२ साली लॉस एंजेलिस टाइम्सने सगळ्या मेंबरांचा हिशोब काढला तेव्हा ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष निघाले होते. मग यादी तशीच येणार ना, दुसरं काय होणार. बोंबाबोंब झाल्यावर अॅकॅडमीने बायका आणि अल्पसंख्य मेंबर २०२० पर्यंत दुप्पट करायचं ठरवलं आणि केलंही, हे काम मला खरंच महत्त्वाचं वाटतं. २०२४ पासून बेस्ट पिक्चरसाठी आलेले इन्क्लूजनचे, म्हणजे सगळ्या गटांतल्या लोकांना सामावून घेण्याचे, नियम मात्र, माफ करा, फॉर्म भरण्यातला प्रकार आहे. चारपैकी दोन निकष पूर्ण केले की झालं, आणि त्यात इंटर्न घेणं आणि मार्केटिंगमधली माणसं हेसुद्धा धरतात, मोठ्या स्टुडिओला त्यात घाम फुटायचं कारण नाही.

आणि २०१६ च्या सोहळ्यातच, सूत्रसंचालक ख्रिस रॉक, स्वतः ब्लॅक कॉमेडियन, स्टेजवरून गोऱ्या हॉलिवूडला धुतोय, टाळ्या पडतायत, आणि त्याच रात्री तीन आशियाई पोरांना सुटाबुटात आणून हे आमचे मतं मोजणारे अकाउंटंट म्हणून जोक! अँग लीसकट अॅकॅडमीच्या आशियाई मेंबरांनी नंतर निषेधाचं पत्र लिहिलं. एकाला आत घेताना दुसऱ्याच्या पायावर पाय.

त्याच सीझनला भारताकडून आपला मराठी पिक्चर 'कोर्ट' गेला होता. नॉमिनेशन मिळालं नाही. बरं, नुसतं पाठवून भागत नाही तिकडे, शो लावा, जाहिराती द्या, पब्लिसिस्ट धरा, सगळा पैशाचा खेळ. 'श्वास'च्या वेळी २००४ ला त्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली होती ते अनेकांना आठवत असेल. 'कोर्ट'मधला नारायण कांबळे हा शाहीर, त्याच्यावर खटला कशाचा, तर त्याचं गाणं ऐकून एका गटार कामगाराने आत्महत्या केली म्हणे. ते काम केलं वीरा साथीदार यांनी, नागपूरचे कार्यकर्ते, नट नव्हेतच, आणि गाणी संभाजी भगत यांची. तो स्टेजवर उभा राहून गातो तो सीन मी जेव्हा जेव्हा बघतो तेव्हा मला वाटतं की हे पंकच आहे राव, म्हणजे ते फास्ट, कडक, बंडखोर रॉक संगीत, गिटार नाही एवढंच. साधं वाद्य, मागे कोरस, समोर वस्तीतली माणसं, आणि परवानगी कुणाची मागायची नाही.

पंकचं नाव काढलंच आहे तर डेथ या बँडबद्दल सांगतो. डेट्रॉइटचे तीन ब्लॅक भाऊ, हॅकनी आडनावाचे, १९७५ च्या आसपास असलं फास्ट आणि कडक वाजवत होते की रमोन्स या गाजलेल्या पंक बँडचा पहिला अल्बमसुद्धा तेव्हा यायचा होता. ते भाऊ सांगतात की कोलंबिया रेकॉर्ड्सचे क्लाइव्ह डेव्हिस पैसे लावायला तयार होते, फक्त बँडचं नाव बदला म्हणाले. थोरला डेव्हिड म्हणाला नाही. झालं, डील गेलं. मग यांनी स्वतःच सिंगल छापली, ५०० कॉपी, रेडिओवर कुणी फारशी लावली नाही. बँड संपला, डेव्हिड २००० साली कॅन्सरने गेला, आणि अल्बम बाहेर आला २००९ ला.

म्हणून कुणी 'स्वतःच करा, कुणाची वाट बघू नका' असं ऐकवलं की मला जरा राग येतो. स्वतःच केलं की त्यांनी! तीस-पस्तीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. आणि पंकवाले तरी काय धुतल्या तांदळाचे होते का, वॉशिंग्टनचे बॅड ब्रेन्स चारही जण ब्लॅक आणि हार्डकोर, म्हणजे पंकचा आणखी फास्ट प्रकार, उभा करण्यात त्यांचा हात मोठा, तरी पंक म्हटलं की डोळ्यासमोर गोरं पोरगंच येतं. जेम्स स्पूनरने २००३ ला 'आफ्रो-पंक' डॉक्युमेंटरी केली ती याच दुखण्यावर, शोला गेलं की खोलीत आपण एकटेच ब्लॅक.

तरी पंकची एक गोष्ट मला ऑस्करपेक्षा जास्त आवडते, तिथे वेळ लागत नाही. लॉस एंजेलिसचा लिंडा लिंडाज हा बँड, चार मुली, आशियाई आणि लॅटिनो घरांतल्या, २०२१ ला ड्रमर दहा वर्षांची. लॉकडाऊनच्या आधी वर्गातला एक मुलगा तिला म्हणाला की बाबांनी चायनीज लोकांपासून लांब राहायला सांगितलंय. त्यावर गाणं केलं आणि मे २०२१ मध्ये पब्लिक लायब्ररीत, मागे पुस्तकांची कपाटं, तिथेच वाजवलं. व्हिडिओ व्हायरल झाला आणि काही दिवसांत एपिटाफ या रेकॉर्ड कंपनीने त्यांना साइन केलं. त्या मुलाचं पुढे काय झालं माहीत नाही, पण गाणं अजून माझ्या प्लेलिस्टमध्ये आहे, आणि यंदाचा ऑस्कर सोहळा फारच रटाळ झाला तर मी टीव्ही म्यूट करून तेच लावणार आहे.